फक्त पूजा केली, बाकी काही नाही

आमच्या शेडमध्ये चाकांच्या खुर्च्या दोनच. एक मॅनेजर सरांच्या केबिनमध्ये, दुसरी डिस्पॅचच्या टेबलाशी. त्या दुसरीवर मी बसते. बसते म्हणजे पुढच्या कडेला टेकते. पाठ टेकवून बसायला अजून जमत नाही. मागून कुणी चाललं की वाटतं, आता म्हणतील, ऊठ.

चाकणला मी बहिणीच्या मागं आले. दाजी इथं वेल्डर आहेत. मेदनकरवाडीत त्यांची एक खोली, तिच्यात दोघं, त्यांचं लेकरू आणि मी. आमचं गाव परभणीकडचं. तिथून इथं यायचं म्हणजे रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये मान वाकडी करून बसायचं, म्हणून वर्षातून एकदाच जाणं होतं, फार तर दोनदा. माझी शाळा नववीत सुटली. साथीच्या वेळी शाळेला कुलूप लागलं, धडे मोबाइलवर यायला लागले. आमच्या घरात मोबाइल एकच, आणि तो बाबांच्या खिशातून रानात जायचा. कुलूप उघडलं तोवर मी इतकी मागं पडले होते की वर्गात बसायची लाज वाटायला लागली. आई म्हणाली, राहू दे आता. मला तेव्हा सुटल्यासारखं झालं. वाईट नंतर वाटलं, इथं आल्यावर, गेटवर फॉर्म भरताना 'शिक्षण' या रकान्याशी हात थांबायचा तेव्हा.

आमची कंपनी लहान आहे. गाडीच्या सीटखाली जे लोखंडी ब्रॅकेट असतात ते आम्ही प्रेस मशीनवर काढतो आणि पलीकडच्या मोठ्या कंपनीला देतो. मी आधी पॅकिंगला होते. ब्रॅकेट पुसायचे, तेल लावायचं, कागद घालून बिनमध्ये, म्हणजे मोठ्या क्रेटमध्ये, रचायचे. पूर्ण शिफ्ट उभ्यानं. सुटल्यावर बसमध्ये जागा मिळाली तरी पाय थरथरत राहायचे. बहीण गरम पाण्याची बादली द्यायची आणि म्हणायची, सवय होईल. होत नव्हती.

डिस्पॅचच्या टेबलावर लेबल काढणारा मुलगा एक दिवस आला नाही, मग दुसऱ्या दिवशीही नाही. त्याला दुसरीकडे जास्त पगार मिळाला होता आणि जाताना त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या स्टोअरला एक काका आहेत, इथल्याच गावचे, जुने. कंपनी नव्हती तेव्हापासून ते या जागेत आहेत असं सगळे म्हणतात. ते सरांना म्हणाले, ही परभणीची पोरगी मोबाइलवर दोन्ही अंगठ्यांनी लिहिती, हिला बसवा. सरांनी माझ्याकडं बघितलं, शिक्षण विचारलं. मी सांगितलं. ते जरा थांबले. काका म्हणाले, मी हाय ना. सर म्हणाले, ठीक आहे, दिवाळीपर्यंत बसू दे, मग बघू. एका डिप्लोमावाल्या मुलाचा अर्ज आलाय, तोवर चालवून घ्या.

तर ती खुर्ची माझ्याकडं दिवाळीपर्यंत होती. आणि ती काकांच्या शब्दावर होती. पॅकिंगच्या बायका येता-जाता मॅडम म्हणून चिडवायच्या. मी हसायचे, पण माझं लक्ष कायम सरांच्या केबिनच्या दाराकडं असायचं.

काम अवघड नव्हतं. स्क्रीनवर प्रोग्राम उघडायचा, पार्टचा नंबर टाकायचा, किती नग ते टाकायचं, बटण दाबलं की शेजारच्या लहान प्रिंटरमधून लेबल निघतं, काळ्या रेघांचं. ते बिनला चिकटवायचं. मोठ्या कंपनीच्या गेटवर त्या रेघा स्कॅन करतात. लेबल नसलं तर गाडी आत घेत नाहीत, मग आतला माल सोन्याचा असला तरी. मला वाटायचं की हे सगळे पार्ट, सगळे नंबर माझ्या टेबलाखालच्या त्या काळ्या डब्यातच भरलेले आहेत. मी रोज त्याला फडकं मारायचे, भरलेल्या घागरीला जपावं तसं पाय लागू द्यायचे नाही.

खंडेनवमीला आमच्याकडं काम बंद असतं. म्हणजे माणसं येतात, मशीन बंद असतात. त्या दिवशी सरांनी सकाळीच सांगितलं, सगळं बंद करा, मेन स्विच खाली घ्या, एकही मशीन चालू दिसता कामा नये. प्रेस थांबले तेव्हा शेडमध्ये इतकं शांत झालं की माझ्याच चपलांचा आवाज मला मोठा वाटायला लागला. मुलांनी प्रेस रॉकेलनं धुतले. बायकांनी समोर रांगोळ्या काढल्या. झेंडूच्या माळा आदल्या दिवशीच आल्या होत्या. कीबोर्ड उलटा करून झटकला तर त्यातून मागच्या मुलाच्या बिस्किटाचा चुरा पडला. मग मॉनिटरला हळदकुंकू लावलं. प्रिंटरला माळ घातली. काका फडकं घेऊन आले आणि म्हणाले, त्यो बी राहिला बघ. अकाउंट्सच्या केबिनमध्ये भिंतीवर उंच एका फळीवर तो लहान पांढरा डबा असतो, हिरवे दिवे लुकलुकणारा, ज्याला आम्ही नेटचा डबा म्हणतो. काका स्टुलावर चढले, मी स्टूल धरलं. त्यांनी वायर काढली, डबा खाली घेतला, वर्षाची धूळ पुसली, कुंकवाचं बोट लावलं आणि परत फळीवर ठेवला. सरांनी मेन गेटजवळ नारळ फोडला. पेढे वाटले. मी टेबलाचा फोटो काढून गावाकडं पाठवला. आईनं विचारलं, एवढा मोठा टीव्ही तुझा का.

दसऱ्याला सुट्टी.

सुट्टीनंतरच्या सकाळी मी पहिल्या बसनं आले. टेम्पो आधीच लागला होता. मोठ्या कंपनीलाही सुट्टीनंतर माल हवा होता, त्यांच्याकडून सरांना घरीच फोन गेला होता, त्यामुळं सर आमच्याही आधी येऊन केबिनमध्ये लॅपटॉप उघडून बसलेले. मी झेंडू बाजूला केले, कॉम्प्युटर लावला, प्रोग्राम उघडला. एरवी लगेच पार्टची यादी येते. त्या दिवशी एक गोल फिरायला लागला. फिरत राहिला. मग मध्ये एक चौकट आली, इंग्रजीत. त्यातला 'कनेक्शन' एवढाच शब्द मला ओळखीचा वाटला. मी ओके दाबलं. चौकट गेली, पण यादीची जागा रिकामीच.

मी प्रोग्राम बंद करून परत उघडला. मग कॉम्प्युटरच बंद करून चालू केला. चालू व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी दोनदा पाणी पिऊन आले, तहान नसताना. परत तो गोल. परत ती चौकट.

काकांना सांगितलं. त्यांनी मॉनिटरच्या मागं हात घालून वायरी दाबल्या आणि म्हणाले, घाबरू नको, थंड हाय म्हणून आसंल. टेम्पोचा ड्रायव्हर आत डोकावला. लेबलावर पेनानं लिहून द्या ना ताई, म्हणाला. त्याच्या मदतनिसानं त्यालाच विचारलं, रेघा पण पेनानं काढणार का भावा. पॅकिंगच्या बायका हसल्या. मलाही हसू आलं असतं, पण सर केबिनमधून बाहेर येताना दिसले आणि मी स्क्रीनकडं तोंड केलं.

सरांनी स्क्रीन बघितली, माझ्याकडं बघितलं. तू काय दाबलंस, विचारलं. मी म्हटलं, काही नाही सर, रोजचंच. त्यांनी सॉफ्टवेअरवाल्या माणसाला फोन लावला. तो वाकडला असतो, त्यानंच हा प्रोग्राम आमच्याकडं बसवला होता. मी त्याला कधी बघितलेलं नव्हतं. सर त्याच्याशी मिनिटभर बोलले, मग स्पीकर लावून फोन माझ्या हातात दिला. तू वाचून सांग त्याला, म्हणाले, मला दुसरे फोन घ्यायचेत. आणि केबिनच्या दारात जाऊन उभे राहिले, एक कान इकडं ठेवून.

फोनमधून गाडीचा आवाज येत होता. तो माणूस दसरा करून गावाहून एसटीनं परत येत होता. एरवी मी इथूनच तुमची स्क्रीन बघितली असती, म्हणाला, पण लॅपटॉप बॅगेत आहे, बॅग डिकीत आहे, आणि डिकी आता थेट स्टँडलाच उघडणार. तर मला काही दिसत नाहीये, मॅडम. तुम्ही माझे डोळे.

मॅडम म्हटल्यावर मी मागं वळून बघितलं. तिथं काका होते.

चौकटीत काय लिहिलंय ते वाचा, म्हणाला. मला ते सलग वाचता येईना. मी म्हटलं, सर, मी एकेक अक्षर सांगू का. हो, म्हणाला, तसंच सांगा. मग मी एकेक अक्षर सांगत गेले आणि तो तिकडं शब्द जुळवत गेला. माझे कान तापले होते. सर ऐकत होते, ड्रायव्हर ऐकत होता, सगळ्यांना कळत होतं की हिला वाचता येत नाही. पण तो माणूस घाई करत नव्हता. मध्येच म्हणाला, बरोबर सांगताय, बहुतेक लोक 'एरर आलाय' एवढंच सांगून गप्प बसतात.

मग त्यानं मला प्रोग्रामच्या कोपऱ्यातलं एक चाकाचं चित्र शोधायला लावलं. ते दाबलं तर एक नवीनच खिडकी उघडली, मी आजवर न बघितलेली. तिच्यात एकाखाली एक रकाने. पहिल्यात चार आकडे होते, मध्ये टिंबं. दुसऱ्या रकान्यात कसलं तरी नाव. तिसऱ्यातही नाव. चौथ्यात नुसती काळी टिंबं. मी म्हटलं, इथं काही लिहिलेलंच नाही सर, ठिपके आहेत. तो म्हणाला, तो पासवर्ड आहे, तो तसाच दिसतो, त्याला हात लावू नका. हातच लावू नका म्हटल्यावर मी माउसवरचा हातसुद्धा काढून घेतला.

तेव्हा त्यानं मला सांगितलं की माहिती माझ्या कॉम्प्युटरमध्ये नसते. ती अकाउंट्सच्या केबिनमधल्या मेन कॉम्प्युटरमध्ये असते, त्याला डेटाबेस म्हणतात. माझा प्रोग्राम फक्त तिकडं जाऊन विचारतो, अमुक पार्ट द्या. ते चार आकडे म्हणजे त्या मेन कॉम्प्युटरचा पत्ता, आणि बाकीचे रकाने म्हणजे दारावर सांगायचं नाव आणि खूण. मला ते ऐकून आधी कसंतरीच झालं. मी इतके दिवस रिकाम्या डब्याला जपत होते.

खाली एक बटण होतं, टेस्टचं. ते दाबा, म्हणाला. दाबलं. गोल फिरला, मग लाल फुली आली.

त्यानं विचारलं, मेन कॉम्प्युटर चालू आहे का. अकाउंट्सच्या मॅडम आतून म्हणाल्या, चालू आहे, मी त्याच्यावरच काम करतेय. मग त्यानं विचारलं, काही बदललंय का, नवीन मशीन, नवीन वायर, कुणी काही हलवलंय, कुणी काही उघडलंय. मी सगळ्यांना विचारलं. अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, काही नाही. काका म्हणाले, न्हाई, काय न्हाई. सर दारातूनच म्हणाले, काहीही बदललेलं नाही, सुट्टीआधी व्यवस्थित चालू होतं. मीही म्हटलं, काही नाही सर. आणि यात कुणी खोटं बोलत नव्हतं.

त्यानं तेच परत विचारलं, वेगळ्या शब्दांत. आम्ही परत तेच सांगितलं. बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. सरांच्या दुसऱ्या फोनवर मोठ्या कंपनीचा माणूस होता, सर त्याला म्हणत होते, निघतेय गाडी, निघतेच आहे. मग त्यांनी तो फोन ठेवला आणि आणखी एक लावला. त्यातलं एकच वाक्य मला ऐकू आलं. दिवाळीनंतर नको, त्या मुलाला या आठवड्यातच पाठवा.

मी फोन दोन्ही हातांनी धरला. पॅकिंगच्या टेबलाजवळची माझी जुनी जागा मला बसल्या जागेवरून दिसत होती, उभं राहताना पायाखाली घ्यायचे तो तेलानं ओला झालेला पुठ्ठासुद्धा. काकांनीही ते वाक्य ऐकलं असणार. ते माझ्याकडं बघत नव्हते.

मग फोनवरच्या माणसानं विचारलं, मॅडम, शेवटचं लेबल तुम्ही कधी काढलं. मी म्हटलं, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी.

"मग खंडेनवमीला का नाही काढलं?"

"त्या दिवशी पूजा होती सर."

"पूजा म्हणजे काय केलं?"

"पूजा म्हणजे पूजा. फक्त पूजा केली, बाकी काही नाही."

तिकडून फक्त एसटीचा खडखडाट येत राहिला. मग तो म्हणाला, हळूहळू, जसं काही त्याला स्वतःलाच आत्ता सुचत होतं तसं, मॅडम, पूजेत काय काय केलं ते मला पहिल्यापासून सांगा, काही सोडू नका.

मी सांगायला लागले. मेन स्विच खाली घेतला. प्रेस धुतले. रांगोळी काढली. कीबोर्ड झटकला. मॉनिटरला कुंकू लावलं, प्रिंटरला माळ घातली. नंतर नेटचा डबा, असं म्हटलं आणि मी थांबले.

कारण ते स्टूल डोळ्यांसमोर आलं, आणि त्याच्यावर कोण उभं होतं ते. काका माझ्या खांद्याशी उभे होते. सर दारात. मला काही डब्याबिब्यातलं कळत नव्हतं, पण मी 'नेटचा डबा' म्हटल्याबरोबर तो माणूस हं म्हणाला होता, त्यावरून गाठ तिथंच आहे एवढं कळलं. मी पुढचं बोलले तर खापर काकांवर. नाही बोलले तर माझी खुर्ची गेली, आणि तरी काकांचा शब्द गेलाच. दोन्हीकडून तेच. मी म्हटलं, डबा पुसला.

पुसताना चालू होता की बंद, त्यानं विचारलं.

मी फोन तोंडापासून जरा लांब धरला.

काकांनी माझ्या हातातल्या फोनवर वाकून सांगितलं, "बंद व्हता ओ. मीच वायर काढली, आन आज सकाळी मीच लावली. चालू डब्याला कुंकू कसं लावायचं?"

तिकडं तो माणूस हसला. टर उडवणारं हसू नव्हतं ते. बराच वेळ चष्मा शोधावा आणि तो कपाळावर सापडावा, तसं. सापडलं, म्हणाला.

सर पुढं आले. त्यानं मग सगळ्यांनाच ऐकू जाईल असं समजावलं. चाकणला कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली नुसती एक कॉट भाड्यानं घेऊन, कुणी राहिलंय का, विचारलं. इथं निम्मी पोरं तशीच राहतात, त्यामुळं आसपासच्या चार जणांनी हो म्हटलं. मग बघा, म्हणाला, तुम्ही सणाला गावी गेलात, परत यायला उशीर झाला, तर तुमच्या कॉटवर कोण झोपलेलं असतं? जो आधी आला तो. हा डबा म्हणजे त्या रूमचा मालक आहे. तो बंद पडून परत उठला की आधीचं विसरतो, आणि ज्या क्रमानं मशीन चालू होतील त्या क्रमानं पत्त्याचे नंबर वाटतो. मेन कॉम्प्युटर आज वेगळ्याच नंबरावर झोपलाय, आणि या लेबलवाल्या मॅडमचा प्रोग्राम अजून जुन्याच कॉटवर जाऊन हाका मारतोय. आज सगळ्यात आधी कुणी काय चालू केलं?

अकाउंट्सच्या मॅडमनी केबिनच्या काचेतून सरांकडं बघितलं. सर म्हणाले, माझा लॅपटॉप.

म्हणजे सकाळपासून माझा प्रोग्राम सरांच्या लॅपटॉपकडं ब्रॅकेट मागत होता. कुणाची हसायची हिंमत झाली नाही. काकांनी तोंडावर पंचा धरला.

पुढचं काम तीन जणांनी मिळून केलं. फोनवरचा माणूस सांगायचा, मी तेच मोठ्यानं अकाउंट्सच्या मॅडमना सांगायचे, आणि त्या मेन कॉम्प्युटरवर तसं करायच्या. त्यांनी एक काळी खिडकी उघडली, तिच्यात एक शब्द टाइप केला, बऱ्याच ओळी आल्या. त्यांतली हवी ती ओळ सापडायला वेळ लागला. मग त्या आतून ओरडून आकडे सांगत गेल्या आणि मी पहिल्या रकान्यात टाकत गेले. सगळे आकडे जुन्यासारखेच होते, शेवटचा तेवढा वेगळा. एवढ्याशा आकड्यासाठी बाहेर टेम्पो उभा होता. माझं बोट घसरलं आणि तो दोनदा पडला, तो पुसून परत टाकला. फोनवरचा माणूस म्हणाला, एकदा वाचून दाखवा. वाचलं. आता टेस्ट दाबा.

गोल फिरला. हिरवं काहीतरी आलं, पुढं लांबलचक इंग्रजी शब्द. मी एस, यू, सी, सी, असं सांगायला सुरुवात केली. तो म्हणाला, "बास, बास मॅडम, कळलं मला. सेव्ह करा."

यादी आली. सगळे पार्ट जसेच्या तसे, जणू कुठं गेलेच नव्हते. मी पहिलं लेबल काढलं, दुसरं काढलं, मग हात थांबलाच नाही. पॅकिंगच्या बायका स्वतःहून येऊन लेबलं नेऊन चिकटवायला लागल्या. ज्यांनी मॅडम म्हणून चिडवलं होतं त्याच. टेम्पो निघाला. उशीर झाला होता, पण मोठ्या कंपनीची लाइन थांबायच्या आत तो आत गेला, हे सरांच्या फोनवरच्या आवाजावरून कळलं.

मला वाटलं होतं, आता काकांना सर बोलतील. मी खुर्चीवरून अर्धी उठले होते, काय म्हणायचं ते ठरवत, की स्टूल मी धरलं होतं. पण सर नुसते उभे राहिले. बोलणार तरी काय. सगळं बंद करा म्हणून तेच ओरडले होते, नारळही त्यांनीच फोडला होता. आणि पूजा केली म्हणून कुणाला रागावता येत नाही, आमच्याकडं तरी नाही. शेवटी म्हणाले, पुढच्या वर्षी तो डबा चालू ठेवूनच पुसायचा. काका म्हणाले, व्हय, आमी लांबूनच कुंकू टाकू.

सरांनी फोन माझ्या हातून घेतला, स्पीकर बंद केला आणि केबिनमध्ये गेले. तो माणूस संध्याकाळी घरी पोचल्यावर मेन कॉम्प्युटरला एकच नंबर कायमचा लावून देणार होता, म्हणजे परत असं होणार नाही. हे सर बोलत होते ते मला काचेतून ऐकू येत होतं, तुटक तुटक. मग ते दारात येऊन मला म्हणाले, तुझा नंबर सांग. कशाला ते कळेना. मला माझाच मोबाइल नंबर आठवेना. काकांनी त्यांच्या मोबाइलमध्ये बघून सांगितला. सरांनी तो फोनवर पुढं सांगितला आणि मला म्हणाले, "तो म्हणतोय, काही झालं तर तुझ्याशीच बोलणार. तर हे आता तू बघायचं."

मी काकांना हळूच विचारलं, म्हणजे मी राहिले का. काका म्हणाले, "बघायचं म्हनले ना? मग बघ."

त्यानं माझं समाधान झालं नाही. ते अजूनही पुरतं झालेलं नाही. डिप्लोमावाला मुलगा त्याच आठवड्यात आला. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. मी त्याला बघून उठून उभी राहिले, टेबलावरची पाण्याची बाटली आणि जेवणाचा डबासुद्धा पिशवीत भरला. सरांनी त्याला माझ्या टेबलापर्यंत आणलं, प्रिंटर दाखवला, आणि पुढं क्वालिटीकडं घेऊन गेले. तो तिथंच बसतो. चांगला मुलगा आहे, मला इंग्रजी शब्द सांगतो. पण त्या दिवशी कुणी मला म्हटलं नाही की बस. मी आपली आपण परत टेकले.

दिवाळीच्या तोंडावर एक दिवस माझा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर होता. वाकडचा तो माणूस. मला वाटलं, झालं, परत काहीतरी बिघडलं, आणि मी स्क्रीनकडं बघत बघत फोन घेतला. तो म्हणाला, तुमचं सगळं ठीक आहे मॅडम, मला थोडी माहिती हवी होती. चाकण-भोसरीत त्यानं हाच प्रोग्राम बसवलेल्या आणखी बऱ्याच कंपन्या होत्या. खंडेनवमीनंतर तिथूनही असेच फोन आले होते आणि सगळीकडं त्याला 'काही बदललं नाही' हेच उत्तर मिळालं होतं. आता तो काय बदललं असं विचारतच नाही म्हणाला, पूजा झाली का असं विचारतो. तर आता लक्ष्मीपूजन येतंय, तेव्हा काय काय बंद करतात ते त्याला आधीच माहीत असलेलं बरं.

मला हे विचारणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. मी जरा विचार करून सांगितलं की लक्ष्मीपूजनाला बंद काही करत नाहीत, उलट सगळं चालू ठेवतात, दिवे रात्रभर ठेवतात. फक्त अकाउंट्सचा कॉम्प्युटर पाटावर मांडायला म्हणून कुणी हलवला तर वायर निघू शकते, तेवढं सांगून ठेवा. तो म्हणाला, थांबा, लिहून घेतो. आणि खरंच लिहून घेत होता, कारण 'पाटावर' हा शब्द त्यानं दोनदा विचारला.

फोन ठेवायच्या आत मी म्हटलं, सर, तुमचे आभार मानायचे राहिले होते.

"कशाबद्दल?" त्यानं विचारलं.

मी सांगायला लागले, ती खुर्ची, काकांचा शब्द, आणि एकेक अक्षर सांगताना तो थांबला होता ते. पण नीट जुळेना, आणि तेवढ्यात बाहेर टेम्पो लागला आणि ड्रायव्हरनं लेबलं मागितली. मी म्हटलं, सर, गाडी आलीय, नंतर करते, आणि फोन ठेवून दिला.